दुकानातला जुना कॉम्प्युटर भाचीला द्यायचाय, गिऱ्हाइकांचे कागद खरोखर पुसायचे कसे?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे, 2008 पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शिवाय शिष्यवृत्तीचे नि दाखल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. दुकानातला कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 या मशीनवर चालत नाही, म्हणून नवीन घेतला. जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून अकरावीतल्या भाचीला द्यायचाय. आत दोन डिस्क आहेत : विंडोजची 240 जीबी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) आणि कामाच्या फायलींची 1 टीबी हार्ड डिस्क.

माझा जीव अडकलाय तो डाउनलोड फोल्डरमध्ये. किती जणांचे आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, जातीचे दाखले त्यात येऊन गेले, मोजदाद नाही. डिलीट मी नेहमी करते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. शेजारीच त्या माणसाचं पॅन कार्ड सापडलं तर उघडायला अडचण ती कसली?

मागे मी एक सेकंडहँड हार्ड डिस्क घेतली होती. दुकानदार म्हणाला, ‘फॉर्मॅट मारून दिलीय.’ पुढे माझा एक फोल्डर चुकून उडाला, म्हणून फोटोरेक हे उडालेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. तर माझ्या पत्रिकांबरोबर कुणा अनोळखी बाईंचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि त्यांच्या मुलाची गुणपत्रिका वर आली. फायलींची नावं गेलेली, नुसते आकडे, पण उघडल्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. मी ते लगेच काढून टाकलं, तरी त्या रात्री झोप लागली नाही. माझ्याकडे विश्वासाने कागद ठेवून जाणाऱ्यांवर ही वेळ यायला नको. नीट मार्ग सांगा.

पुणेरी_पीसी

ताई, साधं डिलीट किंवा क्विक फॉर्मॅट चालणार नाही. पस्तीस वेळा पुसणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते दोन्ही डिस्कवर लावून ठेवा. चार-पाच दिवस लागतील, पण निर्धास्त व्हाल.

हार्डवेअरवाला (सांगली)

पस्तीस वेळा नको. ती पद्धत 1996 ची, तेव्हाच्या डिस्कसाठी. आताच्या चुंबकीय हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्य लिहिलं की पुरतं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेतही तेच आहे. आणि एसएसडीला तर हा उपाय मुळीच नको, का ते खाली सांगतो.

क्विक फॉर्मॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच राहतात. तुम्हाला त्या बाईंचे रिपोर्ट सापडले ते असेच.

हार्ड डिस्कसाठी : विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-10 दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात डिस्कपार्ट टाइप करा, मग लिस्ट डिस्क. आता थांबा आणि आकार वाचा. 1 टीबीची डिस्क तिथे 931 जीबी दिसते, 240 ची 223. 931 वाली सिलेक्ट करून ‘क्लीन ऑल’ द्या. नुसतं ‘क्लीन’ दिलंत तर पार्टिशनची माहिती जाते, फायली नाही. ‘ऑल’ विसरू नका. किती झालं, किती उरलं, काही दिसणार नाही. दोन-तीन तास मशीन चालू ठेवा. बॅकअपची डिस्क त्या वेळी केबल काढून कपाटात ठेवा. चुकीचा नंबर निवडून बॅकअप घालवलेले लोक माझ्या टेबलाशी रडलेत, त्यांना मी काहीच परत देऊ शकलो नाही.

एसएसडी स्वतःच ठरवते की कुठलं लिखाण कुठल्या चिपवर ठेवायचं. झीज सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहते, काही जागा राखीवही ठेवते. तुम्ही वरून शून्य लिहिलं तरी जुना तुकडा कोपऱ्यात राहू शकतो. तिला ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा द्यावी लागते. काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) ती सोय असते, नसेल तर कंपनीचं टूल. तेही नसेल तर मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू करून त्यातली एचडीपार्म ही कमांड. ‘फ्रोझन’ (म्हणजे डिस्कने पुसायची आज्ञा अडवलीय) असं आलं तर मशीन स्लीपमध्ये घालून जागं करा. काम चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएस लावा.

निवृत्त_लेखापाल

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर असेल तर पुसण्याआधी लायसन्स सरेंडर करा. नंतर नव्या मशीनवर चढवताना घोळ होतो. बॅकअप घेतला म्हणू नका, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला का ते सांगा.

हार्डवेअरवाला (सांगली)

हेच मी विसरलो होतो. ताई, पेजमेकरच्या जुन्या पत्रिका असतील ना? त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्टही उचला, नाहीतर नव्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी दिसेल.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅली नाही, पण फॉन्टचं वाचून पोटात गोळा आला. पुसायच्या आधी बॅकअप नव्या मशीनवर उघडला. 2009 ची एक पत्रिका अगदी तुम्ही म्हणालात तशी निघाली. ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी कंस, टक्के नि डॉलर. जुन्या मशीनवरून सगळे फॉन्ट आणले, परत उघडली, गणपती जागेवर आला. त्या घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न यंदा आहे आणि त्यांना तशीच पत्रिका हवीय.

शनिवारी दुकान बंद करून क्लीन ऑल लावलं. दोन तास पन्नास मिनिटं लागली. एसएसडीला बायोसमध्ये पर्याय नव्हता, एचडीपार्मला ‘फ्रोझन’ आलं, स्लीपचा उपाय लागू पडला, मग दोन मिनिटांत काम झालं. नंतर दोन्ही डिस्कवर फोटोरेक फिरवलं. एकही फाइल नाही.

काल मिंट बसवलं. भाचीसाठी मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून ठेवलाय, रविवारी न्यायला येईल.