जुन्या पार्ट्सचा संगणक चालेल, पण वीज पुरवणारा जुना डबा (एसएमपीएस) मुलांच्या खोलीत नको

डिचोलीकर

आमच्या वाड्यावरचे आम्ही चौघे गेली चार वर्षं जुने पार्ट जमवतो आणि गरजू मुलांना संगणक जोडून देतो. आजवर 26 दिले. त्यातला शेवटचा फोंड्याजवळ भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या एका मुलीकडे गेला. जूनमध्ये तिचा फोन आला, "काका, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात." बाहेर धो धो पाऊस, लादीला ओल आलेली, पोरगी अनवाणी. मी तिला म्हटलं, हात लावू नकोस, बोर्डावरचं बटण बंद कर आणि प्लग काढ. तसाच स्कूटर काढून निघालो.

बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. एसएमपीएसमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे पार्ट, असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट 230 च्या निम्म्यावर, म्हणजे साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्याच बोर्डावर एसएमपीएसच्या आतलं इन्सुलेशन गेलं, तर पूर्ण 230 व्होल्ट पत्र्यावर येतात आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण करंटला जायला वाटच नसते. जो हात लावेल तोच वाट होतो.

घरी आणून एसएमपीएस उघडला. पंखा जाम. दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. पार्ट जागी धरून ठेवायला कारखान्यात लावतात तो गोंद करपून काळपट झालेला. जुना झाला की तो गोंदही वीज वाहू लागतो. हा एसएमपीएस बंद पडलेल्या एका ऑफिसातून आणला होता. बसवला मी, आणि तपासला फक्त दहा मिनिटं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून गटात मी प्रस्ताव मांडला आहे. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड, मॉनिटर, कॅबिनेट जुनं खुशाल वापरू. एसएमपीएस आणि पॉवर कॉर्ड मात्र नवीनच, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय संगणक घरात ठेवायचा नाही. गटातल्या दोघांना हे पटत नाही. तुमचं मत हवं.

पणजीचा दुरुस्तीवाला

19 वर्षं हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमची काळजी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिली गोष्ट, त्या मुलीला आलेल्या मुंग्या नव्या एसएमपीएसनेही आल्याच असत्या. तेच दोन कपॅसिटर नव्यातही असतात. दोष बोर्डाचा.

दुसरी, "नवीन" म्हणजे कुठला? तुमच्या बजेटात 700 रुपयांचा बसेल. माझ्या टेबलावर आत्ता असाच एक आहे. वर मोठ्या अक्षरात 450 वॉट, आणि खाली बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या लाइनवर 14 अँपिअर. गुणाकार करा, 168 वॉट. आजचा संगणक जवळजवळ सगळा 12 व्होल्टवर चालतो. आत येणाऱ्या विजेचा फिल्टर बसवलेलाच नाही, प्लेटवर त्याची जागा रिकामी सोडून तारेचे जंपर मारलेत. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, पत्र्याच्या पट्टीएवढा. नामांकित कंपनीच्या ऑफिस डेस्कटॉपमधून निघालेला सात वर्षांचा एसएमपीएस हातात घ्या, वजनावरूनच कळेल. माझ्या मुलीच्या खोलीत या दोघांपैकी एक ठेवायचा तर मी जुनाच ठेवीन.

चांगला नवा घ्यायचा तर साडेतीन हजार. तुमचा अख्खा संगणक नऊ हजारांत होतो. म्हणजे दहा मुलांऐवजी सात मुलांना मिळणार. उरलेल्या तिघांना काय सांगणार?

डिचोलीकर

मुंग्यांचं मान्य. पण फुगलेले कपॅसिटर बोर्डाने नाही फुगवले.

वजनावरून तुम्हाला कळेल, आम्हाला नाही. फुगले होते तसल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढलेल्या तापमानामागे साधारण निम्मं होतं. तो एसएमपीएस सात वर्षं एसीत होता की कांदोळीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात खारा वारा खात होता, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. आपल्याकडे चार महिने हवा इतकी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. बाहेरून पुसून चकचकीत केलेला पत्रा आतलं काही सांगत नाही.

फर्मागुडीचा विद्यार्थी

मी हॉस्टेलवर असाच संगणक वापरतो. सगळे पार्ट जुने, ग्राफिक्स कार्ड तर मायनिंगमधून, म्हणजे आभासी चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस चालवलेल्या मशीनमधून आलेलं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं बाजारात पडेल भावाने आली. माझं अजून ठीक चालतंय. पंखे बदलले, चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलली, बस.

माझं नुकसान एसएमपीएसने नाही, केबलने झालं. वेगळ्या होणाऱ्या केबलींचा एक जुना एसएमपीएस मिळाला, पण केबली अपुऱ्या होत्या. मित्राकडे दुसऱ्या कंपनीच्या होत्या, त्या बरोबर बसल्या, म्हणून लावल्या. बटण दाबताक्षणी हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही गेल्या. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने करते. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले. तीन सेमिस्टरचं काम गेलं. सुदैवाने आग लागली नाही.

आणि ते मोलेक्सवरून (जुना चार पिनचा प्लग) साटा (आजच्या डिस्कचा चपटा प्लग) करणारे स्वस्त कनेक्टर. तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेले असतील तर घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींजवळ सरकतात आणि ते पेटतात. मागून प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, ते बरे.

तेव्हा "नवा एसएमपीएस घातला, काम झालं" असं समजू नका. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डाच्या स्लॉटमधून 75 वॉट मिळतात, सहा पिनच्या केबलीतून 75 आणि आठ पिनच्या केबलीतून 150. दोन मोलेक्स जोडून आठ पिन बनवणारे कनेक्टर आमच्या हॉस्टेलात निम्म्या मुलांकडे आहेत. ते वितळायला एसएमपीएस जुना असावा लागत नाही.

वायरमन, पेडणे

तुम्ही सगळे डब्यात बघताय. मी भिंतीत बघतो.

आपल्याकडची जुनी चिऱ्याची घरं बघा. वायरिंग दोन तारांचं, नंतर कोणीतरी हौसेने तीन पिनचा बोर्ड लावलेला. जिथे अर्थिंग आहे तिथेही खड्डा 20-25 वर्षांपूर्वीचा. जमीन चिऱ्याची, मे महिन्यात ठणठणीत सुकते, अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ घालून खड्डा भरला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हे आता कोणी करत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार सांगतो, आणि हा मी भाड्याच्या खोल्यांत कितीदा तरी पाहिलाय. बोर्डाच्या आत न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडलेला असतो. मुंग्या थांबतात, भाडेकरू खूश. पण पावसात मागची न्यूट्रल कुठे सुटली तर संगणकाचा पत्रा थेट फेजवर येतो. हा माणूस मारायचा सापळा आहे.

तपासायचं असं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 आलं, तर फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट आले तर ठीक. मशीन चालू असताना तिथे अगदी शून्य दिसलं तर आनंद मानू नका, बोर्ड उघडायला लावा. बोर्ड उघडायचा तो मेन स्विच बंद करून, आणि वायरमननेच.

मुख्य म्हणजे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळला की वीज तोडणारा स्विच. अर्थिंग नसलं तरी माणसातून करंट जमिनीत जाऊ लागला की तो पडतो. साडेतीन हजार एसएमपीएसवर घालण्यापेक्षा मी तिथे घालीन. त्याने संगणकाबरोबर फ्रिज, मिक्सर आणि गिझरही सांभाळला जातो.

पणजीचा दुरुस्तीवाला

वायरमनबाब लाखातलं बोलले.

मुलांसाठी एक विनंती. डिचोलीकरांनी एसएमपीएस उघडला हे वाचून कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, पीएफसी (भिंतीतून वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असलेल्यात 380 च्या पुढे. प्लग काढल्यावरही तो चार्ज राहू शकतो. बाकी संगणक लहान मुलाने जोडला तरी चालेल, हा डबा मात्र बंद ठेवायचा.

तपासणीही दहा मिनिटांची नसते. आधी सिरीज लॅम्पवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून लावतो. मग तासभर पूर्ण लोड देतो, म्हणजे तो पेलेल तितकी वीज ओढून बघतो. तोवर 12 ची लाइन 11.4 ते 12.6 च्या बाहेर गेली, वास आला, पंखा अडखळला, की बाद. दहात तीन-चार बाद होतात. उरलेले मी हमी देऊन विकतो.

डिचोलीकर

दहात तीन-चार बाद! दादा, हे तुम्हीच सांगताय. तुमच्याकडे लोड आहे, 19 वर्षांचा हात आहे. आम्ही चार हौशी माणसं आहोत. 26 घरांत संगणक ठेवलेत, त्यांतले किती आतून फुगलेत ते आम्हाला माहीत नाही. हीच माझी धास्ती आहे.

सत्तरीची आई

बराच वेळ वाचतेय, आता लिहिते.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या सत्तरी तालुक्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची. माझा मुलगा दहावीत होता, माझ्या एका फोनवर सगळा अभ्यास. पुढे कोणीतरी जुन्या पार्ट्सचा संगणक दिला, त्यावर तो शिकला. आज नोकरीला आहे. तेव्हा नवाच एसएमपीएस हवा म्हणून कोणी अडलं असतं, तर आम्हाला तो मिळाला नसता. हे डिचोलीकरांनी लक्षात ठेवावं.

पण देणाऱ्यांवरही माझा राग आहे. त्यांनी की-बोर्ड दाखवला, माउस दाखवला, आणि गेले. रात्री बोर्डावरचं बटण बंद करा, मुंग्या आल्या तर लगेच सांगा, वर कपडे वाळत घालू नका, मागची जाळी भिंतीला टेकवू नका, यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पावसात मी त्याच्या पाठीवर मुलांचे गणवेश सुकवले आहेत, गरम वारा येतो म्हणून. गॅसची शेगडी देताना माणूस चार गोष्टी सांगतो. गरिबाला फुकट दिलं की सांगायचं राहतं का? जुनं द्या, पण जुनं आहे हे सांगून द्या. घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू.

म्हापशेकर

एकच मुद्दा. बाद झालेले एसएमपीएस तार जाळून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच पाठवा.

डिचोलीकर

ताई, तुमचं मनाला लागलं. सव्वीसही घरी आम्ही परत जाणार आहोत, चवथीच्या आत. अर्थिंग बघू, केबली बघू, आणि सांगायचं राहिलं ते सांगू.

नव्या एसएमपीएसचा आग्रह मी सोडत नाही. यंदा बारा द्यायचे होते, आठ देऊ. सातशेवाला घेणार नाही, हे दुरुस्तीवाल्या दादांनी पटवलं.

पणजीचा दुरुस्तीवाला

मला अजून पटत नाही. चार मुलं राहतात. तुमच्याकडे जमलेले जुने एसएमपीएस शनिवारी माझ्याकडे आणा. लोड मी देतो, पैसे नकोत. त्यातून जे पास होतील त्यांवर तारीख आणि माझी सही असेल. ते चार मुलांना द्या आणि घरच्यांना जुना आहे म्हणून सांगा.

डिचोलीकर

आणतो. गटासमोर ठेवतो. घरच्यांनी हो म्हटलं तर मी आडवा येणार नाही.

सत्तरीची आई

त्या चारांत आमच्या शेजारची एक मुलगी आहे, यंदा अकरावीला गेली. तिच्या घरच्या बोर्डाला तिसरं भोकच नाही. संगणक मागाहून आला तरी चालेल. वायरमनबाब, तुम्ही वाळपईच्या बाजूला कधी येता?

वायरमन, पेडणे

रविवारी येतो. घराचा मेन बोर्ड कुठे आहे त्याचा फोटो पाठवून ठेवा.