परदेशी फंड विकतायत आणि आपण एसआयपी भरतोय, बरोबर कोण?

सांगलीकर: ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी फंडांनी ९० हजार कोटींच्या वर शेअर विकले आणि त्याच महिन्यात आपल्या लोकांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला भरायची ठरावीक रक्कम, पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या पुढं गेली. एवढे अभ्यासू लोक बाहेर पडले मग आपल्याला काय दिसलं म्हणायचं?

मिरजकर: अहो त्यांचं गणितच वेगळं असतं, डॉलर, अमेरिकेतले व्याजदर, चीन स्वस्त झालं की पैसा तिकडं, शिवाय दर तिमाहीला परतावा दाखवायचा असतो. आपल्याला मुलीच्या शिक्षणाला १२ वर्षांनी पैसे लागणारेत, घाई कशाची?

हरिपूरकर: आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीसारखंच आहे बघा, व्यापारी देशभरची आवक आणि वायदेबाजारातले पुढच्या महिन्यांचे भाव बघून भाव लावतो, शेतकऱ्याला कर्जाचा हप्ता दिसतो. पण दादा, घाबरतो आपणच. मार्च २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, ७,५०० च्या आसपास आला तेव्हा मी सगळं विकून बसलो, वर्षभरात दुप्पट झाला, अजून जीव जळतो.

सांगलीकर: पटलं. एसआयपी चालू ठेवतो, फक्त स्मॉलकॅपमधली, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या फंडातली, थोडी कमी करतो, तिथं भाव फार चढलेत असं मला वाटतंय.