वाड्याच्या सागवानी फळ्या पार्टिकल बोर्डावर कशा बसवाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पंचवटीतला आमचा वाडा उतरवला तेव्हा माडीच्या सागवानी फळ्या जपून ठेवल्या. आजी-आजोबा ज्यांवर वावरले, त्यातली एकही वाया घालवायची नाही.

आता त्या गंगापूर रोडच्या घरात पोटमाळ्यावर टाकायच्या आहेत. खाली १८ मिमी पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी) आहे. फळ्यांची जाडी कमीजास्त, जुन्या खिळ्यांभोवती काळे डाग; ते तसेच राहू देत, छान दिसतात. सुतार म्हणतो, थेट खिळे ठोकू. पण पार्टिकल बोर्डात खिळा धरत नाही ना! मध्ये प्लाय टाकून स्क्रू मारावेत, की पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद पुरेल? भिंतीकडेला १० मिमी फट ठेवणारच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून दिवाळीपर्यंत थांबावं का?

आत तुटलेले खिळे असल्याने रंधा मशीनवाले फळ्या घेत नाहीत. नाशिकमध्ये हे काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.