वर्मी बसला की संपलं: 'बुशिदो ब्लेड' पुन्हा खेळलेल्यांनी अनुभव लिहा

गेल्या महिन्यात ठाण्याच्या घरातला माळा आवरताना करड्या रंगाचा जुना प्लेस्टेशन सापडला. पिशवीत 'बुशिदो ब्लेड'ची सीडीही होती. १९९७ चा जपानी व्हिडिओ गेम, लाइटवेट कंपनीने बनवलेला आणि स्क्वेअर कंपनीने बाजारात आणलेला. आमच्याकडे तो ९९ च्या दिवाळीत आला, मामाने दुबईहून आणलेल्या कन्सोलबरोबर.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. मारामारीच्या इतर गेममध्ये वर एक पट्टी असायची, तिला आपण 'लाईफ' म्हणायचो. मार खाल्ला की ती थोडी थोडी घटायची. या गेममध्ये लाईफच नव्हती, घड्याळही नव्हतं. वार वर्मी बसला की समोरचा पहिल्याच फटक्यात गेला. पायाला लागलं तर गुडघ्यावर बसून लढायचं, हाताला लागलं तर तो हात लुळा लोंबायचा. सहा योद्धे, आठ हत्यारं. कताना ही जपानी तलवार, तिच्याहून लांब नोदाची, लांब दांड्याच्या टोकाला पातं असलेली नागिनाता, अगदी घणसुद्धा!

'टेकन' या मारामारीच्या गेममध्ये माझा भाऊ बटणं बडवून जिंकायचा. इथे तसं केलं की दोन सेकंदांत मरायचा. हळूहळू आम्ही दोघं थांबायला शिकलो. हत्यारं रोखून समोरासमोर नुसती उभी असायचो, कोण आधी हलतंय ते बघत. आई आतून विचारायची, "लाईट गेली का गं? आवाज येत नाहीये."

परवा भाऊ घरी आला होता. विचार न करता त्याने नागिनाताच उचलली. डावीकडे दोन पावलं सरकला आणि मला कळलं, आता खालून येणार. खालूनच आला. इतक्या वर्षांनी! नोकरी, लग्न, दोन शहरं, सगळं मध्ये होऊन गेलं, पण त्याची ती दोन पावलं माझ्या डोळ्यांना पाठ होती.

तुम्ही परत खेळला असाल तर जरूर लिहा. समोर कोण बसायचं तेही लिहा.

चिंचवड

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आम्ही हा व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळलो, दहा रुपयांत अर्धा तास. हरेल तो उठेल, असा नियम. बाकी गेममध्ये एक मॅच दोन-तीन मिनिटं चालायची, इथे रिमोट (गेमचा कंट्रोलर) हातात घेतो न घेतो तोच उठायची पाळी. मग पोरांनीच ठरवलं, पाचात तीन. आणि पाठीवर वार करायचा नाही. हा नियम कुणी केला आठवत नाही, पण मोडणाऱ्याला पुढची मॅच मिळायची नाही.

आमच्या कुणाकडे खेळ साठवून ठेवायचं मेमरी कार्ड नव्हतं, त्यामुळे स्टोरी मोड, म्हणजे एकट्याने गोष्टीतून पुढे जायचा प्रकार, कधी खेळलोच नाही. तो पहिल्यांदा खेळलो मागच्या पावसाळ्यात. समोरचा वळलेला असताना सवयीने मारलं आणि थोडं पुढे गेल्यावर गेमच थांबला. पडद्यावर मजकूर आला, हे बुशिदोला, म्हणजे सामुराई योद्ध्यांच्या आचारधर्माला, धरून नाही. चिंचवडच्या एका गाळ्यात आठवीतल्या पोरांनी जो नियम आपण केला म्हणून मिरवला, तो बनवणाऱ्यांनी आधीच गेमच्या पोटात घालून ठेवला होता. किती वेळ रिमोट धरून बसून होतो!

कोल्हापूर

मी मर्दानी खेळ शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. लहानपणी या गेममधल्या वर, मध्ये आणि खाली हत्यार धरायच्या तीन पद्धती मला नुसत्या बटणांच्या भानगडी वाटायच्या. आता बघताना कळतं की हे पवित्रे आहेत. पवित्रा बदलला की कुठून वार निघू शकतो आणि अंगाची कुठली बाजू उघडी पडते, दोन्ही बदलतं. आमच्याकडे पोरगं आलं की महिनोन्महिने पायच घटवून घेतात, हत्याराला नंतर हात. गेममध्येही जो पाय आणि अंतर सांभाळतो तो टिकतो.

दांडपट्टा मात्र निराळा. त्यात मनगट खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, बंद असतं, म्हणून वार मनगटातून निघत नाही, खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. पट्टेकरी चहूबाजूंनी फिरत राहतो. हा गेम एकास एक, थांबून खेळायचा. तरी त्यातला शंभर जणांशी एकामागून एक लढायचा मोड खेळताना मला पट्टाच आठवत होता. एक उणीव जाणवली. गेममधल्या माणसाला दम लागत नाही. खरी तलवार पाच मिनिटं फिरवा, खांदाच सांगेल.

नाशिक

ज्यांना वाटतंय की आपले हात मंदावले, त्यांनी आधी टीव्ही बदलून बघा. नवा सपाट टीव्ही जुन्या कन्सोलचा सिग्नल आपल्या मापाचा करून घेण्यात थोडा वेळ खातो. सेकंदाचा अगदी छोटा भाग असतो, पण या गेममध्ये वार अडवायला तेवढाच वेळ मिळतो. मी भंगारवाल्याकडून पिक्चर ट्यूबचा टीव्ही उचलला आणि पहिल्याच दिवशी फरक कळला. सीडी अडकत असेल तर कन्सोल उलटा ठेवून बघा. तेव्हाही आपण तेच करायचो.

योकोहामा

मी पुण्याची, चार भावंडांत धाकटी. दादा क्लासला गेला की मला रिमोट मिळायचा आणि मी लढायचेच नाही. या गेममध्ये एका जागेहून दुसऱ्या जागी पळत जाता येतं, ते माझं आवडतं. बर्फ, पूल आणि बांबूचं बन. तलवार फिरवली की बांबू कापले जायचे. समोरचा मागे लागलेला असायचा आणि मी बांबू कापत पुढे.

इथे राहायला आल्यावर कामाकुराच्या होकोकुजी देवळातलं बांबूचं बन बघायला गेले. वारा आला की वर शेंडे एकमेकांवर घासतात आणि खाली माणसं आपोआप हळू बोलतात. घरी येऊन गेम लावला. बांबू तेच, पण या खेपेला कापावेसे वाटेनात. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "तू तिथे पळायचीस, म्हणून मला तुला शोधत यावं लागायचं." म्हणजे क्लासहून लवकर आला की दुसरा रिमोट तोच घ्यायचा. हे मी साफ विसरले होते.

सांगली

हॉस्टेलवर एकदाच आम्ही दोन कन्सोल जोडणारी लिंक केबल लावून खेळलो होतो. दोन कन्सोल, दोन टीव्ही, दोन सीड्या. दुसरा टीव्ही मेसवाल्या काकांनी दिला, तिघांनी जिन्यावरून वर चढवला. त्या मोडमध्ये आपलं अंग दिसत नाही, समोर फक्त आपली तलवार आणि शत्रू. पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही.

ती केबल आता कुणाकडे आहे का? माझ्याकडे बाकी सगळं आहे, टीव्हीसकट. मे महिन्यात आम्ही पाच जण सांगलीत असू.