नव्या विनोदी नाटकाची पात्रनिवड : मासिकाच्या कचेरीतली माणसे कोणाकडे सोपवावीत?

पार्कचौककर

सप्रेम नमस्कार. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रासाठी आमच्या संस्थेने यंदा एक नवे दोन अंकी विनोदी नाटक निवडले आहे. ते एका मराठी मासिकाच्या कचेरीत घडते. दिवाळी अंक छापायला जायची वेळ आली आहे, शेवटच्या फर्म्यातली, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचातली, काही पाने अजून कोरी आहेत, आणि आपली कविता पहिल्या पानावर छापल्याशिवाय मलपृष्ठाच्या जाहिरातीचा धनादेश देणार नाही, असे चादरीचा एक कारखानदार अडून बसला आहे. संपादक, त्यांचा व्यवस्थापक पुतण्या, जाहिरात प्रतिनिधी, मुद्रितशोधक बाई, डीटीपी (संगणकावर मजकूर टंकित करून पाने जुळवण्याचे काम) करणारी मुलगी, हा कारखानदार आणि ज्याचे साहित्य वर्षानुवर्षे ‘साभार परत’ होत आले आहे असा एक कवी, अशी सात पात्रे आहेत.

अडचण मुख्यतः संपादकाच्या भूमिकेची आहे. आमच्याकडे एक लोकप्रिय विनोदी नट आहेत. त्यांनी विंगेतून नुसते डोके बाहेर काढले तरी प्रेक्षागृह हसू लागते. दुसरे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असून त्यांनी आजवर फक्त गंभीर भूमिका केल्या आहेत. संस्थेतील बहुतेकांचा कौल पहिल्यांना आहे, माझे मन मात्र दुसऱ्यांकडे ओढते. शिवाय डीटीपी करणारी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक घरातली आहे. लेखकाने तिचे संवाद साध्या प्रमाण मराठीत लिहिले आहेत, पण तिला तेलुगु वळणाचे मराठी आणि कारखान्याच्या मालकाला ‘काय करलालाव बे’ असे सोलापुरी बोलीत बोलायला लावले तर हशा हमखास मिळेल, असा आग्रह काही जण धरत आहेत. जाणकारांनी आपले मत सविस्तर कळवावे, ही विनंती.

विंगेतला माणूस

संपादक गंभीर नटालाच द्या. मराठी मासिके चालवणारी माणसे कशी होती, हे आठवले तर याचे कारण लगेच ध्यानात येईल. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांना बंगाली साहित्याची इतकी ओढ होती की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव धारण केले, आणि 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून आजतागायत टिकलेली प्रथा सुरू करून दिली. शं. वा. किर्लोस्करांनी 1920 मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक उभे राहिले. अशा माणसांना आपण करतो आहोत ते हास्यास्पद आहे असे क्षणभरही वाटलेले नसणार, आणि तुमच्या नाटकातील संपादक त्यांच्याच वंशातला आहे. कागदाचे बिल थकले आहे, विक्रेत्यांकडून न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे परत येत आहेत, आणि हा गृहस्थ अग्रलेखातील एका विशेषणावर पुतण्याशी दुपारभर वाद घालतो आहे. त्याला तो वाद खराखुरा महत्त्वाचा वाटला, तरच प्रेक्षक हसतील.

प्रवेशालाच हशा घेणाऱ्या नटाचा येथे तोटा होतो. धनादेश समोर टेबलावर पडलेला असताना संपादक कविता वाचतात आणि ती नाकारण्यासाठी शब्द शोधतात, असा प्रसंग संहितेत असेलच. नसेल तर लेखकाला तो लिहायला सांगा. तेथे हा माणूस खरोखरच नकार देईल की काय, अशी धास्ती प्रेक्षकांना वाटली पाहिजे. लोकप्रिय नट उभा असेल तर शेवटी तो काहीतरी गंमत करून वेळ निभावून नेणार, हे सोलापूरच्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते आणि प्रसंगातील जीवच निघून जातो.

मग त्यांना काय द्यावे? जाहिरात प्रतिनिधी. डॉक्टर, सराफ, पतसंस्थेचा अध्यक्ष अशा प्रत्येकाशी हा माणूस वेगळ्या सुरात बोलतो, आणि एकच मलपृष्ठ दोघांना कबूल करून बसतो. हजरजबाबीपणा आणि आवाजातील फिरत लागणारी ही एकमेव भूमिका आहे. पुतण्याबद्दल मी फारसे लिहीत नाही, तो कोणीही समंजस तरुण करील. कवीला मात्र शांत बसता येणारा नट हवा. त्याचे काम बोलण्यापेक्षा ऐकण्याचे अधिक आहे, आणि हौशी रंगभूमीवर ऐकणारे नट फार थोडे, हे कटू असले तरी खरे आहे.

निवृत्त मुद्रितशोधक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझी बहुतेक नोकरी छापखान्यात गेली, म्हणून मुद्रितशोधक बाईंच्या भूमिकेविषयी थोडे लिहितो. जुन्या पद्धतीत प्रुफे दोघांनी मिळून तपासली जात. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचत असे आणि दुसरा छापील गॅलीवर, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या कच्च्या छपाईवर, नजर ठेवून समासात खुणा करीत असे. वाचणारा विरामचिन्हेसुद्धा उच्चारीत असे, आणि तेही पूर्ण निर्विकार आवाजात, कारण भावना आली की नजर चुकते. कारखानदाराची कविता तशी वाचून पाहा : “हे चादरी स्वल्पविराम तुझ्या उबेत निजले गाव उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह, पुढची ओळ, गावास आली जाग पूर्णविराम.” हे वाचन कवीच्या, म्हणजे येथे कारखानदाराच्या, समोर चालू आहे आणि बाई मान वर न करता पेन्सिलीने दोन उद्गारचिन्हे उडवत आहेत, एवढ्यावर पाच मिनिटांचा प्रसंग उभा राहील.

म्हणून चाचणी घेताना विनोदी उतारा मुळीच देऊ नका. बाईंच्या भूमिकेसाठी आलेल्या प्रत्येकीला एक छापील पान आणि लाल पेन्सिल द्या, शेजारी वाचायला दुसऱ्या कोणाला बसवा, आणि तिचा हात व डोळे कसे चालतात ते पाहा. जी खरोखर चुका शोधू लागेल, तिला घ्या. जी प्रेक्षकांकडे पाहून भुवया उंचावील, तिला नम्रपणे नकार द्यावा. हीच कसोटी डीटीपीच्या मुलीला लावता येईल. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये उघडला की संगणकाच्या पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात, आणि संपादक ती नवकविता समजून वाचू लागतात, असे काही घडवायचे असेल तर कळफलकावर सहज बोटे फिरणारी मुलगीच हवी.

पूर्वभागकर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल स्पष्ट लिहितो. आमच्या घरी तेलुगु बोलतात, पण माझे सगळे शिक्षण मराठी शाळेत झाले, आणि पूर्व भागातील माझ्या पिढीच्या कितीतरी जणांचे तसेच आहे. दिवसभर मराठी मजकूर टंकित करणाऱ्या मुलीचे शुद्धलेखन बहुधा संपादकांपेक्षा पक्के असेल. लेखकाने ते ओळखून तिला प्रमाण मराठी दिले असावे, आणि तिने संपादकांची वेलांटी सुधारली तर तो विनोद आम्हीही टाळ्या वाजवून घेऊ. घरून आलेला फोन तिने तेलुगुत घेतला तर ते स्वाभाविक दिसेल. त्यासाठी भाषा येणारीच मुलगी निवडा, या शहरात ती मिळायला अडचण नाही. ‘बे’ला माझा विरोध नाही. कारखान्याचा मालक रागावला किंवा लाडात आला तर तो शब्द तोंडातून आपोआप जाईल. प्रत्येक वाक्याला तो चिकटवला की मात्र कीर्तनात कव्वाली सुरू झाल्यासारखे वाटते.

पार्कचौककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रुफवाचनाची चाचणी पुढच्याच बैठकीत घेतो. एक शंका उरते. लोकप्रिय नटांना संपादकाऐवजी जाहिरात प्रतिनिधी देऊ केला तर ते दुखावतील, आणि संस्थेची निम्मी तिकिटे त्यांच्या नावावर खपतात, हेही विसरता येत नाही. त्यांना हे कसे सांगावे?

विंगेतला माणूस

तुम्ही काहीच सांगू नका. पहिल्या वाचनाला दोघांनाही दोन्ही भूमिका आलटून पालटून वाचायला द्या, आणि लेखकाला समोर बसवा. जाहिरात प्रतिनिधीचे दूरध्वनीवरील संभाषण एकदा वाचले की मुरलेल्या नटाला आपली जागा कळते. त्यानंतरही त्यांनी संपादकाचाच हट्ट धरला तर तिकिटविक्रीचा विचार बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. स्पर्धेत परीक्षकांसमोर एकच प्रयोग होतो, आणि तो फसला तर पुढची तिकिटे कोण घेणार?

रंगभूषा

पात्रनिवडीत आवाजाचा आणि वेळेचा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. प्रयोग हुतात्मा स्मृतिमंदिरात होणार असेल तर बँकेतील काकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, हे आधी पाहून घ्या, कारण पुटपुटणारा संपादक कितीही खरा वाटला तरी मागच्या लोकांच्या हाती काही लागणार नाही. दुसरे असे की स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर येते, आणि तालमींचा ऐन भर दिवाळीच्या तोंडावर असतो. दुकानात नोकरी करणाऱ्या मुलामुलींना तेव्हा रात्री दहापर्यंत सुटी मिळत नाही, आणि रात्री उशिरा सुटणाऱ्या तालमींना घरचे लोक मुलींना पाठवीत नाहीत. म्हणून दोन्ही स्त्री भूमिकांसाठी पर्यायी नटी आत्ताच ठरवा, तिला पहिल्या वाचनापासून बसवा, आणि मुलींचे प्रसंग सायंकाळी आधी घेऊन त्यांना वेळेवर सोडा. बोलीविषयी जे काही बदल करायचे असतील ते संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवण्यापूर्वी लेखकाच्या हातूनच करून घ्यावेत, म्हणजे तालमीत ऐनवेळी पदरची वाक्ये घालणाऱ्यांना आयतेच उत्तर मिळेल.