अपेक्षाभंग : 'पानिपत' बघून तुम्हाला काय वाटलं होतं?

शेवटची रांग

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा थेटरात बघणारा मी साधा प्रेक्षक. कॅमेरा, संकलन यातलं मला काही कळत नाही. आवडला तर चार जणांना सांगतो, नाही आवडला तर विसरून जातो. पण एखादा सिनेमा नावडूनही विसरता येत नाही, कारण जाताना जीव लावलेला असतो. माझ्यासाठी तो सिनेमा म्हणजे आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत'.

६ डिसेंबर २०१९ला लागला आणि पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन गेलो. बाबांचं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. पानिपतचा धडा आला की त्यांचा आवाज बसायचा, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. मध्यंतरात मी कॉफी घेऊन आलो तर बाबा जागचे हललेले नव्हते. एवढंच म्हणाले, "अजून उपासमार आली नाही." सिनेमा संपल्यावर रिक्षात बसताना पुन्हा तेच. "उपासमार आलीच नाही रे."

माझंही म्हणणं तेच आहे. १७६०च्या मार्चमध्ये मराठ्यांची फौज परतूरहून निघाली. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दक्षिणेची वाट तुटली. मग जवळजवळ अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्या थंडीत आपली माणसं आणि जनावरं उपाशी राहिली. १४ जानेवारी १७६१ला उपाशी पोटी लढायला बाहेर पडली. पानिपत म्हणजे माझ्या लेखी हे अडीच महिने. सिनेमात ते चार-दोन प्रसंगांत उरकले आणि लग्न, गाणी, दरबार यांना भरपूर वेळ मिळाला. शेवटी अब्दालीच्या तोंडून मराठ्यांच्या शौर्याची वाखाणणी होते. ती ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. आपण हरलो हे घरातल्या पोरालाही ठाऊक आहे. कसे हरलो, ते बघायला मी गेलो होतो.

तुमचं मत सांगा. वेगळं असेल तर आधी सांगा.

यमुनेपलीकडे

वेगळं आहे, म्हणून आधी सांगतो. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं गुरुग्रामला आहे. हा सिनेमा मी ऑफिसातल्या पाच जणांबरोबर बघितला. त्यातल्या एकालाही मराठा फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ कोण हे माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी पानिपत म्हणजे बाबर आणि अकबर, तिसरं युद्ध पाठ्यपुस्तकातली एक ओळ. बाहेर पडल्यावर त्यातल्या एकाने मला विचारलं, "इतक्या लांबून हे लोक इथे आले कशाला?" त्या रात्री दोन तास मी तेच सांगत होतो, आणि ते ऐकत होते.

तुमच्या बाबांना जे माहीत आहे ते देशभरच्या प्रेक्षकाला माहीत नाही. त्याला शिंदे-होळकर कोण, नजीब कोण, पेशवे दिल्लीत कशाला शिरले, हे सगळं आधी समजवावं लागतं. तीन तासांतला निम्मा वेळ त्यातच जातो. त्यात उपासमारीला अर्धा तास कुठून आणायचा?

शेवटची रांग

लग्नातून आणायचा. 'मर्द मराठा' गाण्यातून आणायचा. अजय-अतुलचं संगीत मला प्रिय आहे, तरीही म्हणतो.

तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर सिनेमाने दिलं असतं तर तुम्हाला दोन तास बोलावं लागलं नसतं.

पिटातला

दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. घोडं अडलं ते भाऊवर. अर्जुन कपूरने मेहनत केली असेल, पण उदगीर जिंकून आलेला, हिशेबात कडक, शब्दाला पक्का आणि तोंडाने फटकळ असा भाऊ मला त्याच्यात एकदाही दिसला नाही. चेहऱ्यावर सगळीकडे एकच भाव. समोर संजय दत्तचा अब्दाली नुसता बसला तरी पडदा भरतो. मग आपला माणूस हरतोय याची हळहळ वाटायची कशी? रवींद्र महाजनींचे मल्हारराव आणि गश्मीरचा जनकोजी, हे खऱ्या आयुष्यातले बापलेक जेवढा वेळ दिसतात तेवढा वेळ मी मराठी फौजेत होतो. बाकी वेळ खुर्चीत.

दत्ताजी शिंद्यांच्या "बचेंगे तो और भी लडेंगे"वर वाढलेला प्रेक्षक आहे हा. त्याला भाऊही त्याच तोडीचा लागतो.

माजघर

मला सिनेमा आवडला होता, आणि त्याचं कारण इथे कोणी काढलेलंच नाही. भाऊंची बायको पार्वतीबाई. गोष्ट त्या सांगतात. त्यांना वैद्यकी येते, त्या जखमा बांधतात, छावणीत त्यांना काम आहे. आमच्याकडे पानिपताचा विषय निघाला की तोफा, फौजेची गोल रचना, गनिमी कावा यावरच पुरुषमंडळी रात्र काढतात. छावणीत हजारो बायका होत्या, हे एका वाक्यात येतं आणि जातं. इथे निदान एक बाई बघणारी आणि बोलणारी आहे. क्रिती सेनॉनने ते काम मन लावून केलंय.

पण अपेक्षाभंग म्हणाल तर गोपिकाबाईंचा. पद्मिनी कोल्हापुरेंसारखी अभिनेत्री हाताशी असताना त्यांना नुसतं कारस्थानी जाऊबाई करून ठेवलं. या बाईचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्या रणात गोळी लागून पडला. नवरा, नानासाहेब पेशवे, सहा महिन्यांच्या आत गेला. तिचं घर बसलं. ते दुःख कुठे आहे?

शेवटची रांग

माजघर, तुमचं हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, मीसुद्धा वर्गात गोपिकाबाईंवर अन्यायच केला." पार्वतीबाईंबद्दलही तुमचं मान्य. पण मग मला सांगा, गोष्ट सांगणारी बाई छावणीतली असताना सांगायचं काय होतं? पीठ संपलं तो दिवस. शेजारच्या तंबूतलं पोर रडायचं थांबलं तो दिवस. हे तिला दिसणारच. तिला बोलतं केलं आणि जे फक्त तीच सांगू शकली असती ते सांगू दिलं नाही. माझी तक्रार आता आणखी वाढली.

दुपारचा खेळ

विषयाला थोडं सोडून. माझा अपेक्षाभंग 'झुंड'. 'सैराट' मी चारदा बघितला होता. मार्च २०२२ला 'झुंड' लागला, अमिताभ, नागराज, नागपूर, अजय-अतुल, म्हणून आख्खा ग्रूप घेऊन गेलो. पहिला सामना संपेपर्यंत श्वास रोखून बघितला. नंतर फुटबॉल बाजूला पडला आणि पासपोर्टसाठी वणवण सुरू झाली. ग्रूपमधले दोघे मोबाइल काढून बसले. खेळाचा सिनेमा म्हटल्यावर शेवटचा सामना बघायचा नाही का?

माजघर

नाही! तो पासपोर्टचा भागच तर सिनेमा आहे. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचे वडील एका कागदासाठी दारोदार फिरतात, आपण कोण हे सिद्ध करायला. मैदानावर गोल मारणं त्यापुढे सोपं. झोपडपट्टी आणि कॉलेज यांच्यामधली ती भिंत पहिल्या भागात दिसते, दुसऱ्या भागात तीच भिंत कागदाची होते. मी रडले तिथे.

दुपारचा खेळ

रडण्याबद्दल आदर आहे. पण लांबला तो लांबलाच.

यमुनेपलीकडे

मला वाटतं इथेच उत्तर आहे. एकाला जो भाग लांबलेला वाटतो तोच दुसऱ्यासाठी सिनेमा असतो. गोवारीकरांचंच उदाहरण घ्या. 'स्वदेस' डिसेंबर २००४ला आला तेव्हा 'लगान'नंतरचा म्हणून लोक वेगळंच काही मनात धरून गेले. संथ आहे, भाषण आहे म्हणाले. फार चालला नाही. आज तोच सिनेमा लोक घरच्यासारखा जवळ धरतात आणि त्याचं शूटिंग झालं त्या मेणवलीच्या घाटावर जाऊन फोटो काढतात. दहा वर्षांनी 'पानिपत'चंही तसं होईल.

शेवटची रांग

'स्वदेस' मला पहिल्याच दिवशी आवडला होता, कारण तो घाईत नव्हता. रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारा तो पोरगा आठवा. पंचवीस पैशांचं पाणी, शाहरुख एक शब्द बोलत नाही आणि आपल्याला सगळं कळतं. हे करू शकणारा दिग्दर्शक उपासमारीजवळून भरभर गेला, म्हणून मला लागलं. दुसऱ्या कोणी केला असता तर मी विसरलो असतो.

आणि मेणवली म्हणालात म्हणून. तो वाडा, तो घाट नाना फडणविसांचा. नाना पानिपतावर होते, विशीही ओलांडली नव्हती, बरोबर आई आणि बायको. बायको परतली, आई नाही. नानांनी स्वतःच्या हाताने ते लिहून ठेवलंय. गोवारीकर ज्या घाटावर शूटिंग करत होते तो घाट पानिपतातून जीव वाचवून आलेल्या माणसाने बांधलेला. मी 'पानिपत'ला जाताना मनात हेच होतं, की या माणसाला ही गोष्ट आतून माहीत असणार.

पिटातला

हे नव्हतं माहीत. आता मलाही जास्त वाईट वाटतंय.

यमुनेपलीकडे

मत बदललेलं नाही, हे आधी सांगतो. पण काला आंबला, पानिपतच्या त्या युद्धाचं स्मारक आहे तिथे, मी तीनदा गेलोय. दर १४ जानेवारीला तिथे लोक जमतात, महाराष्ट्रातूनही येतात. सगळीकडे शेतं, सकाळी धुकं इतकं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तुमच्या बाबांना घेऊन या. दिल्ली स्टेशनवरून मी गाडीने घेऊन जाईन, दीड-दोन तासांचा रस्ता आहे. सिनेमावर वाटेत भांडू.

शेवटची रांग

बाबांना विचारलं. येतो म्हणतात. थंडी किती असते ते विचारून घे म्हणाले.