टर्मिनलमध्ये मराठी फाइलनावं मोडकी दिसतात

गडवाट:
उबुंटू वापरतो. किल्ल्यांचे फोटो आणि टिपणं मराठी नावांनी लावून ठेवली आहेत. फाइल मॅनेजरमध्ये सगळं नीट दिसतं, पण टर्मिनलमध्ये (जिथे आज्ञा टाइप करून काम होतं) फाइलींची यादी दाखवणारं एलएस मारलं की ‘सिंधुदुर्ग’चा रफार गायब, पायमोडका र वेगळा, ग वेगळा. स्क्रिप्टने बऱ्याच फाइलींची नावं बदलायची आहेत. फाइली खराब झाल्या असतील का?

मध्यरात्र:
लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहे का बघा आधी.

बोरूवाला:
लोकेल ठीकच असणार. ते बिघडलं असतं तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं नाहीतर ३४०, २४४ असे आकडे दिसले असते. फाइली शाबूत आहेत, बिनधास्त काम करा.

गोची दाखवण्यात आहे. टर्मिनलची खिडकी दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे टर्मिनल एम्युलेटर, अजूनही १९७८च्या व्हीटी१०० सारख्या जुन्या पडदा-कीबोर्ड यंत्रांची नक्कल करतो: ८० रकाने, २४ ओळी, एका घरात एक अक्षर. आपलं ‘र्ग’ म्हणजे र, हलन्त आणि ग. तिघं एकत्र हातात आले तरच फॉन्ट रफार काढू शकतो. घरं वेगळी केली की संपलं. मराठीत काम करणाऱ्यांनी हे निमूट सोसावं, असं मला अजिबात वाटत नाही. एमएलटर्म हा दुसरा टर्मिनल घालून बघा, तो अनेक लिप्यांसाठीच लिहिलेला आहे. केडीईच्या कॉन्सोल या टर्मिनलमध्येही माझ्याकडे जोडाक्षरं बरीच बरी दिसतात, फक्त ओळीत मागे जाऊन दुरुस्ती करताना कर्सर कधी कधी फसवतो. त्यामुळे लांब नावं टाइप करू नका. पहिलं अक्षर देऊन टॅब दाबा.

आणि फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर त्यातली कोटपाथ ही सेटिंग बंद करा, नाहीतर स्टेटसमध्ये मराठी नावांच्या जागी तेच आकडे येतात.

गडवाट:
एमएलटर्ममध्ये रफार आला! आभारी आहे. अजून एक: टिपणांत ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण फाइलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेपला काही फाइलींत सापडतच नाही.

बोरूवाला:
हे टर्मिनलचं नाही, कीबोर्डचं. तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखे, आत वेगळे. दोन्ही शब्दांचे बाइट मोजा: देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, जोडकालाही ३. पहिला १५ भरेल, दुसरा १८.

तूर्त ग्रेपला ‘द.*या’ द्या, दोन्ही सापडतील. मग टिपणांची एक प्रत बाजूला काढून सेडने (मजकुरात अदलाबदल करणारी आज्ञा) सगळीकडे नुक्त्याचा ऱ करून टाका. ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’ हेही त्यातच निघतील. फाइलनावं बदलायच्या आधी हे करा, कारण नावांतही तोच घोळ असणार.